वाइडबँड सेन्सर: तारेला तार जोडून भागत नाही

ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो; वाइडबँड हा त्याचाच हवा-इंधनाचं मिश्रण नेमकं मोजणारा प्रकार. कुर्ल्याच्या गॅरेजांत जुन्या गाडीवाल्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं: "जुना ऑक्सिजन सेन्सर काढा, त्याच तारांना वाइडबँड जोडा, काम फत्ते." हे साफ चुकीचं आहे. जुना सेन्सर साधारण 0.1 ते 0.9 व्होल्ट देतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, तेवढंच कळतं. वाइडबँडचा पंप सेल (ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा भाग) आणि हीटर सांभाळायला वेगळा कंट्रोलर लागतोच. त्याचं 0 ते 5 व्होल्टचं आउटपुट गेजला (मिश्रणाचा आकडा दाखवणाऱ्या मीटरला) द्या, ईसीयूला नाही. जुना सेन्सर जागेवरच राहू द्या आणि नव्यासाठी एक्झॉस्टला वेगळा नट वेल्ड करून घ्या.

अर्थिंगकडे मात्र नीट बघा. मुंबईच्या पावसात गंजलेल्या बॉडीच्या बोल्टवर अर्थ घेतलात, तर हीटरच्या करंटमुळे रीडिंग सरकतं आणि मिश्रण ठीक असूनही गेज चुकीचा आकडा दाखवतो. ईसीयूचा अर्थ जिथे आहे, तिथेच कंट्रोलरचाही घ्या.