फिनाईलच्या बाटलीवरचा आकडा

मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी 23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईत मांडवीला गाठीच्या तापाचं निदान प्लेग असं केलं, तेव्हा पालिकेकडे या रोगावर औषध नव्हतं. होतं ते कार्बोलिक अ‍ॅसिड, मर्क्युरिक क्लोराईड हा पाऱ्याचा जहरी क्षार आणि चुना. मग गटारांत कार्बोलिक ओतलं गेलं, चाळींवर बंबांनी फवारे मारले, भिंतींना चुना फासला. उजेड यावा म्हणून कौलं उतरवली, जमिनी उकरल्या. पुण्यात हेच काम सोजिरांकडून घराघरांत घुसून करून घेतलं गेलं. त्यातून पेटलेल्या संतापाची परिणती 22 जून 1897 च्या रात्री रँडवरच्या गोळीबारात झाली. तो इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. त्या फवाऱ्यांनी नेमकं काय साधलं, याची चौकशी मात्र फारशी होत नाही.

कार्बोलिकचा दबदबा लिस्टर या ब्रिटिश सर्जनमुळे होता. 1867 मध्ये त्याने जखमांवर ते वापरून शस्त्रक्रियेनंतरचं सडणं रोखता येतं हे दाखवलं. पण जखमेवर चालतं ते चाळीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरही चालेल, हे कुणी तपासलं नव्हतं. रोग दूषित हवेतून पसरतो ही जुनी समजूतही पुरती गेलेली नव्हती, त्यामुळे उग्र वास येतोय म्हणजे काम होतंय, असाच हिशेब होता. (आजही धुतलेल्या मोरीला वास आला नाही तर घरातल्यांचं समाधान होत नाही!)

वासाऐवजी मोजमाप आणलं रिडील आणि वॉकर या ब्रिटिश जोडीने, 1903 मध्ये. पद्धत सोपी होती: विषमज्वराचे जंतू घ्यायचे, एकीकडे फिनॉल म्हणजे तेच कार्बोलिक आणि दुसरीकडे बाजारातलं जंतुनाशक कमी-जास्त पातळ करून त्यात ते सोडायचे, आणि दर अडीच मिनिटांनी नमुना काढून किती वेळात मरतात ते पाहायचं. काळ्या फिनाईलच्या बाटलीवर ‘आर.डब्ल्यू.सी.’ (रिडील-वॉकर कोएफिशंट) पुढे जो आकडा असतो, तो यातूनच येतो. तो 5 असेल, तर ते फिनाईल फिनॉलच्या पाचपट पातळ करूनही फिनॉलइतकंच काम करतं. हे फिनाईल म्हणजे डांबरापासून काढलेली आम्लं आणि साबण. बादलीत ओतलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं, कारण पाण्यात न विरघळणारी ती आम्लं साबणामुळे अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात पसरतात.

या चाचणीत एक गोची होती. परीक्षानळीतलं पाणी स्वच्छ असतं, मोरी नसते.

इथे मुंबई पुन्हा गोष्टीत येते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन 1905 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईत आले होते. परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, या संशोधकांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. जंतुनाशकाने धुऊन काढलेल्या प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले, तरी त्यांतले काही प्लेगने मेले. जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला लागण झाली, दोन फुटांवर टांगलेला वाचला. पिसवांची उडी तिथवर पोचत नव्हती. उंदराच्या पिसवा रोग पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्येच कराचीत दाखवलं होतं, पण त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नव्हता. ज्या द्रावणांनी जंतू मरत होते, त्यांनी पिसवांचं काहीच बिघडत नव्हतं. शत्रूच चुकीचा धरला होता.

मार्टिन यांनी नंतर हॅरिएट चिक यांच्यासह जंतुनाशकांचाच प्रश्न हाती घेतला. बाईमाणसाला लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये घेऊ नये म्हणून तिथल्याच काहींनी या संशोधक चिक यांना विरोध केला होता. त्या पुढे वयाच्या 102 वर्षांपर्यंत जगल्या. 1908 मध्ये या दोघांनी जंतुनाशकाच्या चाचणीत मुद्दाम घाण घातली, तीही वाळवून निर्जंतुक केलेली माणसाची विष्ठा. परीक्षानळीतलं बळ घाणीत टिकत नाही, हे लगेच दिसलं. पाऱ्याच्या क्षाराची तर पार दैना उडाली, कारण तो घाणीतल्या प्रथिनांशीच जखडून बसतो आणि जंतूंसाठी उरतच नाही. माझ्या मते स्वच्छतेचं शास्त्र खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. आधी घासूनपुसून मळ काढायचा आणि मगच जंतुनाशक लावायचं, हा रुग्णालयांतला आजचा क्रम याच तत्त्वावर उभा आहे.

2020 मध्ये कोरोना आला आणि बंब पुन्हा रस्त्यावर उतरले. बरेलीत तर गावी परतणाऱ्या मजुरांना बसवून त्यांच्यावरच सोडियम हायपोक्लोराइट फवारलं. एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर फवारणी करू नका असं बजावलं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने रस्ते फवारण्याचीही शिफारस करत नसल्याचं सांगितलं. कारण तेच दिलं होतं: धूळ आणि कचरा जंतुनाशकाला निकामी करतात.