कीर्तन आणि जलसा: प्रबोधन दोन्हीकडे, पण जाब कुणाला?

नदी वाचवायची असो की दारूबंदी करायची असो, मोहिमेच्या पत्रिकेवर हल्ली 'प्रबोधनपर कार्यक्रम' एवढंच छापलेलं असतं. मांडवात कीर्तन आहे की जलसा, म्हणजे तमाशाच्या घाटाचा प्रबोधनाचा खेळ, ते गेल्यावर कळतं. अनेकांना त्यात फारसा फरकही वाटत नाही. दोन्हीकडे गाणं असतं, मधेमधे बोलणं असतं, हशा पिकवणं असतं आणि पोरं शाळेत घाला हा सांगावाही असतो. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे जलसाच, असं म्हणणारेही भेटतात.

वरवरचा फरक ओळखायला सोपा आहे. वारकरी कीर्तनात वीणा, टाळ, मृदंग. एक अभंग घ्यायचा आणि त्याचं निरूपण करायचं. जलशात ढोलकी, डफ, तुणतुणं. अंगानं तो तमाशाचा भाऊ, म्हणजे गण (सुरुवातीचं नमन), बतावणी (विनोदी संवाद), वग (नाट्य) ही सगळी चौकट तिथलीच. पण नुसत्या वाद्यांवरून ओळखायला गेलात तर गाडगेबाबांपाशी अडाल. कारण त्यांनी कीर्तनाची शास्त्रोक्त चौकट फारशी पाळलीच नाही.

अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत गाडगं. गावात आले की आधी झाडायला लागायचे. संध्याकाळी त्याच गावात कीर्तन. अस्सल वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. कर्ज काढून लग्नाच्या पंगती का उठवता, नवसाला बकरं का कापता, देव दगडात असतो का? लोक 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे आणि तिसऱ्या-चौथ्या उत्तराला आपल्याच शब्दांत अडकायचे. मग 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' हा गजर. तो नुसता विसावा नव्हता. उघडा पडलेला माणूस त्या गजरात पुन्हा बाकीच्यांत मिसळायचा; त्याला अपमान वाटायचा नाही. पाया पडायला आलेल्यांना बाबा हाकलायचे, हाही त्याच पद्धतीचा भाग.

आता जलसा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्या काही दशकांत त्या विचारांचे जलसे गावोगाव फिरू लागले. त्यांनी तमाशाचा सांगाडा ठेवला, आतला ऐवज बदलला. गणाची जागा राहिली, नमन मात्र निर्मिकाकडे, म्हणजे फुल्यांनी सांगितलेल्या सृष्टिकर्त्याकडे, वळलं. शृंगार गेला. वगात भटजी, सावकार आणि शेतकरी समोरासमोर उभे राहिले आणि पोथीतल्या नि खतावणीतल्या लबाडीची झडती सुरू झाली. आंबेडकरी जलसे उभे राहिले ते महाडचा १९२७चा आणि काळाराम मंदिराचा १९३०चा सत्याग्रह यांच्या काळात. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. (वामनदादा कर्डक वेगळे, ते पुढच्या पिढीचे कवी-गायक. या दोन नावांची गल्लत नेहमीची.) या जलशांनी आपल्या माणसांनाही सोडलं नाही. मेलेलं ढोर ओढू नका, महारकीच्या वतनाला (गावकीच्या कामांच्या बदल्यात मिळणाऱ्या पिढीजात हक्काला) चिकटून बसू नका, हे वस्तीतल्या लोकांना त्यांनी रोखठोक सुनावलं. पण ते सांगतानाही मंचावर दुसरा पक्ष हजर असायचा: ढोर ओढायला लावणारं गाव.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. कीर्तनात दोन बाजू असतात, श्रोता आणि देव, आणि जाब श्रोत्याला विचारला जातो. जलशात तिसरा माणूस आणून उभा करतात आणि जाब त्याला विचारतात.

म्हणून कीर्तन मवाळ आणि जलसा जहाल, असं मात्र नाही. तुकोबांना कीर्तनापायीच छळ सोसावा लागला. चोखोबांच्या अभंगांत तर थेट विठ्ठलाशी भांडण आहे. फक्त चोखोबांची तक्रार विठ्ठलाच्या दरबारात दाखल होते, जलशाची पुजाऱ्यावर आणि कायद्यावर. उलट जलसा म्हणजे अध्यात्माला रजा, हेही खरं नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर भीमगीतांच्या बरोबरीनं बुद्धगीतं आली, आणि ती ऐकायला बसलेल्या माणसांची श्रद्धा कीर्तनातल्या माणसांपेक्षा कमी नसते.

पर्यावरणाच्या कामात ही गल्लत महागात पडते. घाट घाण कोण करतं, प्लास्टिक कोण फेकतं, उघड्यावर कोण बसतं? इथे करणारा आणि ऐकणारा एकच, म्हणून कीर्तन नेमकं लागू पडतं. वारीच्या वाटेवरच्या स्वच्छतेसाठी यापेक्षा चांगलं साधन मला तरी दिसत नाही. पण १९२१ साली मुळशीचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत उभे राहिले, तेव्हा त्यांच्या वागण्यात सुधारण्यासारखं काय होतं? सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. त्या आदिवासींना 'निसर्गाशी प्रेमानं वागा' असं निरूपण ऐकवणं ही थट्टा झाली असती. कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी हिरावून घेतंय, अशा ठिकाणी जलशाचीच घडण लागते: दोन पात्रं, एक सवाल, आणि उत्तर चुकवणारा सगळ्यांसमोर.

सत्तेला हा फरक बरोबर कळतो. राज्य सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्याला गाडगेबाबांचं नाव दिलं. चांगलंच झालं. जलशाच्या नावाची सरकारी मोहीम मात्र मला आठवत नाही. नदीत रसायन सोडणारा कारखानदारसुद्धा 'जलसंवर्धन' या विषयावरच्या कीर्तनाला आनंदानं देणगी देईल. त्यात त्याचं नाव यायची भीती नसते. याचा अर्थ भजन-कीर्तनाला सत्ता घाबरतच नाही, असाही नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांतला रोख इंग्रज सरकारकडे वळला आणि १९४२ साली त्यांना तुरुंगात टाकलं गेलं.

दोन्ही वाटा एकमेकींना छेद देतात तेही बघण्यासारखं आहे. पंढरपुरात ज्यांना उतरायला जागा मिळत नसे, अशा वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरातच उपोषण केलं. भाषा भक्तीची, पण मागणी बडव्यांकडे, म्हणजे मंदिराच्या पुजाऱ्यांकडे.

एकाच मोहिमेत दोन्ही ठेवायचं असेल, तर आधी जलसा ठेवावा असं मी सुचवेन. कीर्तन आरतीनं संपतं आणि माणसं निवांत होऊन घरी जातात. त्यानंतर ढोलकीवर भांडण उभं करणं अवघड. आधी जलशात कारखान्याच्या नळीचा प्रश्न येऊ द्या. दुसऱ्या दिवशी कीर्तनकारानं घाटावरच्या निर्माल्याबद्दल विचारलं, तर लोकही 'आमच्यावरच का?' असं म्हणणार नाहीत.