जतोई, हैदर बख्श

जतोई, हैदर बख्श : (७ ऑक्टोबर १९०१ – २१ मे १९७०). सिंधी कवी, शेतकरी पुढारी व सिंधी राष्ट्रवादाच्या आद्य प्रवक्त्यांपैकी एक. जन्म लारकाना जिल्ह्यात, मोहेंजोदडोजवळच्या बखोदेरो या खेड्यात. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात असल्यामुळे शिक्षण कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयात झाले, तरी पदवी मुंबई विद्यापीठाची (१९२७). फार्सी हा खास विषय. पुढे महसूल खात्यात चढत ते डेप्युटी कलेक्टर झाले. ही नोकरी त्यांनी बहुधा १९४३ ते १९४५ च्या दरम्यान सोडली आणि ‘सिंध हारी कमिटी’च्या कामाला वाहून घेतले.

‘हारी’ म्हणजे जमीनदाराची जमीन वाट्याने कसणारा, स्वतःची जमीन नसलेला शेतकरी. ही कमिटी १९३० मध्ये मीरपूरखास येथे निघाली. तिच्या आरंभकांत सिंधी राष्ट्रवादी पुढारी जी. एम. सय्यद, कराचीचे नागरी पुढारी जमशेद मेहता व सिंधी लेखक जेठमल परसराम होते. मागणी निम्म्या वाट्याची (अध बटाई) होती. खळ्यावर धान्याची रास पडली की आधी जमीनदाराचे नाना हक्क व कापाकापी वजा होत आणि उरलेल्यातून हारीचा वाटा निघे. त्यामुळे कागदावरचा निम्मा वाटा पदरात निम्मा पडत नसे. १९५० मध्ये कमिटीने सिंध विधानसभेवर हारींचा मोर्चा नेला व त्याच वर्षी सिंधचा कूळ कायदा संमत झाला. जो हारी एकाच जमीनदाराची निदान ४ एकर जमीन सलग तीन वर्षे कसेल त्याला कायम कुळाचा हक्क मिळाला. पळवाट याच अटीत होती : तीन वर्षे भरण्याआधीच हारीला उठवायचे. शिवाय मुंबई राज्यात १९४८ च्या कूळ कायद्यातील पुढील दुरुस्तीने कुळाला जशी मालकीची वाट मोकळी झाली, तशी सिंधमध्ये झाली नाही.

‘जिये सिंध’ ही घोषणा जतोई यांच्या याच नावाच्या कवितेतून आली, असे सामान्यतः मानले जाते. तिचे श्रेय काही वेळा जी. एम. सय्यद यांना दिले जाते, कारण त्यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या चळवळीने हे शब्द सर्वतोमुखी केले. मात्र त्याच नावाची विद्यार्थी संघटना १९६९ मध्येच अस्तित्वात होती आणि १९७२ पूर्वीच जतोई वारले होते; तेव्हा घोषणेचा उगम कवितेत व प्रसार चळवळीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘जिये’ हे ‘जगणे’ या अर्थाच्या सिंधी धातूचे इच्छार्थी रूप आहे : ‘सिंध जगो’. पसायदानातील ‘लाहो’ याच जातीचे. फार्सीच्या या अभ्यासकाने तयार मिळणारे ‘झिंदाबाद’ बाजूला ठेवून देशी क्रियापद घेतले, हे लक्षणीय आहे. पुढच्याच चरणात मात्र ‘जाम-ए-मुहब्बत’ ही अस्सल फार्सी जोडणी येते. सिंधभूमीसाठी आशीर्वाद मागण्याची परंपरा जुनीच आहे. अठराव्या शतकातील सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘सूर सारंग’ या काव्यविभागात सिंधवर सदा ‘सुकार’ (मराठी ‘सुकाळ’) होवो व सारे जगही आबाद राहो, अशी प्रार्थना आहे. जतोई यांची कविता या परंपरेत ठेवून वाचणे अधिक योग्य. तिला निव्वळ निवडणुकी नारा समजणे अन्यायाचे ठरेल.

१४ ऑक्टोबर १९५५ रोजी पश्चिम पाकिस्तानातील प्रांत मोडून ‘एक युनिट’ करण्यात आले आणि सिंधचे प्रांत म्हणून अस्तित्व संपले. जतोई यांनी या योजनेला सतत विरोध केला व त्यापायी अनेकदा तुरुंगवास भोगला. कराची विद्यापीठात परीक्षेचे माध्यम म्हणून सिंधीला बंदी झाल्यावर १९५७ च्या सुमारास त्यांनी त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. निधन हैदराबाद (सिंध) येथे झाले; एक युनिट १ जुलै १९७० रोजी, म्हणजे त्यानंतर ४१ दिवसांनी मोडले.

त्यांच्या काव्यसंग्रहांत ‘तोहफा-ए-सिंध’ व ‘आझादी-ए-कौम’ यांचा उल्लेख होतो. सिंधू नदीवरील ‘दर्या शाह’ ही कविता त्यांच्या निसर्गवर्णनाचा चांगला नमुना मानली जाते. सिंधमध्ये त्यांना ‘बाबा-ए-सिंध’ म्हणतात.