फुप्फुसांची फुगा-प्रतिकृती

श्वासोच्छ्वास करताना छातीच्या पोकळीत दाबाचे जे फेरफार होतात, ते मुलांना दाखविण्यासाठी वापरले जाणारे शालेय साधन. तळ कापलेली बाटली (प्रयोगशाळेत काचेची हंडी) म्हणजे छातीचा पिंजरा, बुचातून आत सोडलेली नळी म्हणजे श्वासनाल, नळीच्या दोन फाट्यांना बांधलेले फुगे म्हणजे फुप्फुसे आणि तळाशी ताणून बसविलेला रबराचा पडदा म्हणजे श्वासपटल (छाती व पोट यांमधील स्नायूचा पडदा). पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की मिटतात. मानवी शरीराची ओळख कृतीतून करून देणाऱ्या साधनांत ही प्रतिकृती बहुधा सर्वांत जास्त प्रचारात असलेली आहे. सदोष म्हणून तिच्यावर होणारी टीकाही कमी नाही.

प्रतिकृतीचे जनकत्व कोणाकडे जाते, याबद्दल एकवाक्यता नाही. जर्मन शालेय परंपरेत ती डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्सिस्कस कोर्नेलिस डोंडर्स (१८१८–८९) यांच्या नावाने ओळखली जाते. शवाच्या श्वासनालाला दाबमापक जोडून छाती उघडली, तर फुप्फुसे स्वतःच्या स्थितिस्थापकतेमुळे आकसतात आणि तो जोर दाबमापकावर मोजता येतो, हे डोंडर्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दाखविले. छातीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. वर्गातील साधनाला त्यांचे नाव चिकटले ते बहुधा यामुळे. मूळ कल्पना मात्र सुमारे दोन शतके आधीची आहे. इंग्रज वैद्य जॉन मेयो यांनी भात्याच्या आत जनावराचे मूत्राशय बसवून त्याचे तोंड भात्याच्या नळीशी जोडण्याची योजना वर्णिली. भाता उघडला की मूत्राशय फुगते, मिटला की रिकामे होते. हे वर्णन १६७० किंवा १६७४ मधील असल्याचे काही ठिकाणी म्हटले जाते. परंतु मेयो यांचा श्वसनावरील प्रबंध प्रथम १६६८ मध्ये प्रसिद्ध झाला व १६७४ मध्ये तो सुधारून पुन्हा निघाला, हे पाहता १६६८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. फुप्फुस आणि भाता ही तुलना ॲरिस्टॉटलनेही केली होती. पण त्याच्या मते आतील उष्णतेने फुप्फुस फुलते आणि त्यामुळे छाती उचलली जाते. मेयो यांनी हा क्रम उलटविला. छाती आधी रुंदावते, फुप्फुस तिच्यामागे निमूटपणे जाते आणि हवा स्वतःच्या दाबाने आत लोटली जाते. रॉबर्ट बॉइल यांचे हवेच्या दाबाविषयीचे प्रयोग तेव्हा ताजे होते आणि मेयो यांच्या विवेचनाला त्यांचाच आधार आहे.

शाळकरी मुलांना हा क्रमच सर्वांत अवघड जातो. ‘हवा आत गेली म्हणून छाती फुगली’ असे उत्तर बहुतेक वर्गांत मिळते. प्रतिकृतीत मात्र फुग्यात कोणी फुंकर मारलेली नसते. पडदा ओढल्यावर बाटलीतील हवेला जागा जास्त मिळते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा नळीवाटे फुग्यात शिरते. कारण कोणते व परिणाम कोणता, हे एवढे डोळ्यांदेखत दाखविणारे दुसरे स्वस्त साधन नाही. बाटलीला सुईने भोक पाडून पडदा पुन्हा ओढला, तर फुगे नीट फुगत नाहीत. हवा सोपा मार्ग धरून भोकातून बाटलीत येते. छातीला आरपार जखम झाल्यावर त्या बाजूचे फुप्फुस का आकसते, हे यावरून समजते. भोकावर बोट ठेवताच फुगे परत काम करू लागतात आणि वर्गाला हे पुन्हा पुन्हा करून पाहायचे असते.

प्रतिकृतीतील दोष तीन-चार आहेत. पहिला व सर्वांत मोठा, म्हणजे फुगे आणि बाटलीची भिंत यांमधील हवेची पोकळी. शरीरात अशी पोकळी नसते. फुप्फुसांवरील आणि छातीच्या आतील परिफुप्फुस आवरणांत द्रवाचा केवळ पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात पण सहजी सुटत नाहीत, तशी ही आवरणे राहतात. विश्रांतीच्या स्थितीत तेथील दाब वातावरणापेक्षा सुमारे ५ सेंमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका कमी असतो आणि श्वास घेताना तो आणखी उतरतो. गंमत अशी, की अठराव्या शतकात या मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. जर्मनीतील येना येथील वैद्य गेओर्ख एर्हार्ड हांबेर्गर फुप्फुसाभोवती हवा असते असे मानीत; स्विस शरीरक्रियावैज्ञानिक आल्ब्रेख्ट फोन हालर यांनी त्याचे खंडन केले. शरीराच्या बाबतीत हालर बरोबर ठरले. शाळेतली बाटली मात्र आजही हांबेर्गर यांच्याच बाजूची आहे.

दुसरा दोष श्वासपटलाच्या आकाराचा. खरे श्वासपटल विश्रांतीच्या वेळी घुमटासारखे वर उचललेले असते आणि आकुंचन पावल्यावर सपाट होत खाली येते. शांत श्वासात ही हालचाल एक ते दोन सेंमी., तर दीर्घ श्वासात दहा सेंमी.पर्यंत होऊ शकते. प्रतिकृतीतील पडदा मुळात सपाट असतो व ओढल्यावर खाली फुगतो. शिवाय तो हाताने ओढावा लागतो, त्यामुळे श्वासपटल हा स्वतः काम करणारा स्नायू आहे ही गोष्ट झाकली जाते. तिसरे, बाटलीची भिंत हलत नाही. बरगड्या व त्यांमधील स्नायू यांचा वाटा दिसतच नाही. या बाबतीत मेयो यांचा भाता आजच्या बाटलीपेक्षा सरस होता, कारण त्याच्या बाजूच हलत असत. शेवटचा दोष असा, की फुगा आतून रिकामा असतो आणि फुप्फुस सच्छिद्र असते. वायुकोशांची (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांची) संख्या जुन्या पाठ्यपुस्तकांत सुमारे ३० कोटी दिलेली असते. अलीकडच्या मोजणीत ती सरासरी ४८ कोटींच्या आसपास भरते.

या दोषांमुळे प्रतिकृती वर्गातून काढून टाकावी, असे काही जण म्हणतात. दोषच मुलांकडून शोधून घ्यावेत, असे दुसरे मत आहे आणि ते अधिक व्यवहार्य आहे. एका हाताचा तळवा बरगड्यांवर व दुसरा पोटावर ठेवून श्वास घ्यायला लावला, की ‘बाटली का हलत नाही?’ हा प्रश्न मुलेच विचारतात.

बनविताना येणाऱ्या अडचणी बहुतेक हवा गळण्याच्या असतात. बुचातील भोक नळीपेक्षा किंचित लहान ठेवावे आणि फट मेणाने किंवा एम-सीलने बुजवावी. फुगा नवा असेल तर आधी एकदोनदा फुगवून सैल करून घ्यावा, नाहीतर दाबातील थोडा फरक त्याला पुरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या यासाठी कुचकामी. पडदा ओढताच त्यांच्या भिंती आत दबतात आणि फुगा जागचा हलत नाही. (छातीला हाडांचा पिंजरा कशासाठी, हे सांगण्यापुरती ही फसगत उपयोगी पडते.) जाड प्लॅस्टिकची बरणी सर्वांत चांगली. दोन फाट्यांची नळी न मिळाल्यास एकच फुगा लावून काम भागते.

विसाव्या शतकात या साधनाचा प्रसार होण्यास युनेस्कोचा १९५६ चा विज्ञान-अध्यापनाचा साधनग्रंथ बराच कारणीभूत झाला. त्यात बाटलीच्या तळाशी रबर किंवा जाड कागद बांधून त्याला ओढण्यासाठी दोरी लावण्याची कृती दिलेली आहे. भारतात १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने महागड्या उपकरणांवाचून प्रयोग करण्याची दिशा दिली. पुण्यात नोकरी करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या कार्यक्रमात काही काळ सहभागी झाले. पुढे पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याची पद्धत मराठी शाळांपर्यंत पोहोचविली. एनसीईआरटीच्या २००७ पासूनच्या सातवीच्या विज्ञान पुस्तकात दोन फुग्यांची प्रतिकृती कृती म्हणून घेतलेली होती.

याच तत्त्वावर मोठ्या आकाराचे एक वैद्यकीय यंत्रही चालत असे. फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी बॉस्टन येथे तयार केलेले ‘लोखंडी फुप्फुस’ १९२८ मध्ये प्रथम एका आठ वर्षांच्या मुलीसाठी वापरण्यात आले. पोलिओमुळे श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर बंद पेटीत ठेवीत आणि पेटीतील दाब आलटून पालटून कमी-जास्त करीत.

प्रतिकृतीला जोड म्हणून वर्गात आणखी काही कृती करता येतात. पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन बादलीत उपडा धरून रबरी नळीने त्यात एका दमात फुंकले असता जितके पाणी खाली उतरते, तितकी त्या मुलाची उच्छ्वासाची क्षमता. जॉन हचिन्सन यांच्या १८४६ मधील श्वसनमापकाचे हे घरगुती रूप होय. खाटकाकडून आणलेले शेळीचे फुप्फुस श्वासनालासह मिळाल्यास त्यात सायकलच्या पंपाने हवा भरावी (तोंडाने फुंकू नये; हात साबणाने धुवावेत). फिकट गुलाबी स्पंज चहूबाजूंनी फुलत जातो आणि पंप काढताच आपोआप आकसतो. त्याचा तुकडा कापून पाण्यात टाकला तर तरंगतो, यकृताचा बुडतो. कितीही जोराने उच्छ्वास केला तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे सव्वा लिटर हवा उरतेच, हे सांगण्याची संधी येथे मिळते. [→ श्वसन, श्वासपटल, परिफुप्फुस].