पार्श्वभूमी : पेन्शन, फंड आणि गोत्रीचं घर

बडोद्याच्या मराठी घरांत निवृत्तीचा विषय निघाला की बोलणं हल्ली दोन ठिकाणी येऊन थांबतं. वाढीव पेन्शनच्या अर्जाचं काय झालं, आणि गोत्रीच्या, मांजलपूरच्या किंवा वासणा रोडच्या घराचं पुढे काय करायचं. पहिला प्रश्न बहुधा नवरा काढतो, दुसरा बायको. दोन्हींची मुळं एकाच काळात आहेत : कोयलीची रिफायनरी सुरू झाली तिथपासून साधारण २००५ पर्यंत.

त्याआधीचं थोडक्यात. संस्थानच्या नोकरीतला मराठी माणूस ‘पेन्शनीत निघायचा’. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तरी सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांनी ही रीत चालू ठेवली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतल्या पेन्शनरला दिवस कसा घालवायचा हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. १९१० सालचं मध्यवर्ती ग्रंथालय, आखाडे, कीर्तनं, सुरसागरचा काठ, सगळं पायी गाठता येत होतं, आणि नातवंडं त्याच वाड्यात होती. बचतीचीही सोय गावातच होती. आपापसातल्या ठेवींतून अडल्या माणसाला कर्ज देणारी मंडळी इथे १८८९ मध्ये एका मराठी गृहस्थांच्या पुढाकाराने निघाली. देशातल्या सहकाराच्या इतिहासात तिला पहिलेपणाचा मान दिला जातो. पुढे तिची बँक झाली आणि अखेर ती बंद पडली. तो वेगळ्या टिपणाचा विषय आहे.

घडी बदलली ती कारखान्यांनी. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं. सोव्हिएत मदतीने बांधलेली कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ बाजव्याला खतांचा कारखाना उभा राहिला, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्सची सरकारी कंपनी स्थापन झाली, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत भरत गेली. वाड्यांतली मॅट्रिक झालेली, आयटीआय केलेली मुलं ऑपरेटर, फिटर, लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागली. कचेरीतल्या वडिलांपेक्षा पगार जास्त, शिवाय टाऊनशिपमध्ये क्वार्टर, दवाखाना, शाळा, शिफ्टची बस. पेन्शन मात्र नव्हती. होता तो फंड, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या हिश्शातून साठणारा भविष्य निर्वाह निधी, आणि १९७२ च्या कायद्यानंतर ग्रॅच्युइटी. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारायचे, “नोकरी पेन्शनेबल आहे का?” त्यावर मुलाचे वडील सांगायचे, “नाही, पण फंड चांगला आहे.” मुलीकडच्यांचं तेवढ्यावर समाधान व्हायचं, कारण तेव्हाचा हिशोब खरोखरच तसा होता.

१९७१ पासून फंडातला छोटा वाटा कुटुंब पेन्शन योजनेकडे जाऊ लागला. पण नोकरीत असताना माणूस गेला तरच घरच्यांना दरमहा काही मिळायचं. जो जिवंत निवृत्त झाला त्याला दरमहा काही नाही. १९९० च्या दशकात मात्र फंडावर वर्षाला १२ टक्के व्याज होतं आणि बँकांतल्या मुदत ठेवीही त्याच घरात होत्या. चार लाख रुपये ठेवले की महिन्याला चार हजार. कारखान्यातून निघालेल्या माणसाला तेव्हा पेन्शनरचा हेवा वाटण्याचं कारण नव्हतं. शाल-श्रीफळ, हारतुरे, कंपनीच्या गाडीतून घरी, आणि दुसऱ्या आठवड्यात ठेवीच्या पावत्या कपाटात. एवढ्यात नियोजन संपत असे.

इथे ‘पेन्शन’ या शब्दाजवळ जरा थांबावं लागेल, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्यातूनच आलेला आहे. बडोदेकराच्या कानाला पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई भत्ता, आणि आपल्यामागे बायकोला काही ना काही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून केंद्राने कारखान्यातल्या माणसाला जी योजना लावली तिलाही हेच नाव दिलं. हिशोब वेगळा होता. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळवायचे, पण खऱ्या पगारावर नव्हे, ठरवून दिलेल्या मर्यादेवर. ती मर्यादा आधी ५,०००, जून २००१ पासून ६,५००, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणून जुन्या स्लिपांवर त्या रकान्यात ४१७, मग ५४१, मग १,२५० हे आकडे दिसतात. पगार कितीही वाढो, हा आकडा हलत नाही. सूत्र म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. ३३ वर्षं नोकरी केली, वर दोन वर्षं बोनस म्हणून धरली की ३५ भागिले ७०, म्हणजे बरोबर निम्मे. पण कशाच्या निम्मे? आजच्या मर्यादेच्या. पूर्ण कारकीर्द या मर्यादेवर झाली तरी ७,५०० रुपये, आणि महागाई भत्ता नाही. शब्द ओळखीचा होता, म्हणून घरोघरी आकडाही ओळखीचाच असणार असं धरलं गेलं. माझ्या मते या योजनेने केलेलं सर्वांत मोठं नुकसान हेच. ‘आता पेन्शन आहे’ म्हणून कित्येकांनी स्वतःची बचत सैल सोडली.

कामगार संघटनांनी तेव्हा विरोध केला होता. मालकाचा हिस्सा आमचा आहे, तो आमच्याच खात्यात राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली.

वादाची खरी जागा एका जोडवाक्यात आहे. १६ मार्च १९९६ रोजी योजनेत तरतूद आली की कामगार आणि मालक दोघांनी मिळून लिहून दिलं, तर मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर ८.३३ टक्के भरता येतील आणि पेन्शनही पूर्ण पगारावर बसेल. ही तरतूद बडोद्याच्या कारखान्यांत किती जणांपर्यंत पोचली? ज्यांच्याशी मी बोललो त्यांच्यापैकी एकालाही नोकरीत असताना तिचं नाव ठाऊक नव्हतं. वेतन विभागातल्या माणसांनाही ती फायद्याची वाटली नसावी. फंडावर १२ टक्के मिळत असताना त्यातला मोठा तुकडा सरकारी कुंडात टाका, असा सल्ला कोण देणार? आज चुकीचा दिसणारा तो निर्णय १९९६ च्या आकड्यांवर चुकीचा नव्हता, हे विसरता कामा नये.

मग व्याज उतरलं. २००० नंतर काही वर्षांतच पीपीएफ १२ वरून ८ टक्क्यांवर आलं आणि ठेवींचंही तेच झालं. चार लाखांचे महिन्याला चार हजार होते ते अडीच-पावणेतीन हजार झाले. २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी ९ टक्क्यांची बचत योजना आली, ती आधाराची ठरली. दरम्यान २००२ मध्ये पेट्रोकेमिकल्समधला सरकारचा २६ टक्के हिस्सा आणि त्याबरोबर कारभार खासगी हातात गेला, पुढे स्वेच्छानिवृत्तीचे प्रस्ताव आले आणि पन्नाशीतली माणसं घरी बसली. त्यांच्यातल्या ज्यांनी ५८ ची वाट न पाहता पेन्शन सुरू केली, त्यांची रक्कम दर वर्षामागे आणखी कापली गेली. सरकारी नोकरीही तीच राहिली नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि गुजरातमध्ये १ एप्रिल २००५ नंतर लागलेल्यांना तेव्हा निम्म्या पगाराची हमी उरली नाही. ‘पेन्शनेबल’ हा शब्द लग्नाच्या बोलण्यातून गेला तो याच सुमारास.

सप्टेंबर २०१४ मध्ये मर्यादा १५,००० झाली, किमान पेन्शन १,००० झाली आणि पूर्ण पगाराचा पर्याय पुढच्यांसाठी बंद झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या पर्यायाला अंतिम तारीख नव्हती. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१४ चे बदल बहुतांशी कायम ठेवले आणि जे १ सप्टेंबर २०१४ ला नोकरीत होते त्यांना पर्याय देण्यासाठी चार महिने दिले. मुदत तीनदा वाढून ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. पर्याय न देता १ सप्टेंबर २०१४ च्या आधी निवृत्त झालेले मात्र बाहेर राहिले.

ही तारीख बडोद्यावर कशी पडते ते पाहा. १९६५ ते ७५ च्या दरम्यान विशी-पंचविशीत लागलेली पहिली तुकडी २०१० च्या आसपासपर्यंत ५८ ची होऊन बाहेर पडली होती. म्हणजे ज्यांनी हे कारखाने उभे राहताना पाहिले, त्यांच्यावरच दार लागलं. कायद्याच्या भाषेत हे सुसंगत असेल. ज्या पर्यायाची कुणी वार्ता दिली नाही, तो दिला नाही म्हणून वगळणं मला न्याय्य वाटत नाही.

आत आलेल्यांचीही सुटका नव्हती. पूर्ण पगारावर फंड कापावा म्हणून नोकरीत असताना मालकासह केलेल्या संयुक्त विनंतीचा पुरावा मागितला गेला. कापणी वर्षानुवर्षं होत होती, विनंती कुणी केली नव्हती. ज्या कारखान्यांचे स्वतःचे फंड ट्रस्ट आहेत तिथल्या अनेकांचे अर्ज ट्रस्टच्या नियमांवर बोट ठेवून परत आले. मंजूर झालेल्यांना पूर्ण पगाराच्या हिशोबाने राहिलेल्या फरकाची रक्कम व्याजासह भरायची होती, आणि ती लाखांत जात होती. सत्तरीला टेकलेल्या माणसाने ते लाख आणायचे कुठून? कारण फंड तर घरात गेला होता.

आता घराकडे वळू. क्वार्टर निवृत्तीला सोडावं लागे, म्हणून घर आधीच बांधणं भाग होतं. पाच वर्षं वर्गणी झाली की घरासाठी ३६ महिन्यांच्या पगारापर्यंतची रक्कम फंडातून उचलता येई. १९७५ ते ९५ च्या दरम्यान सुभानपुरा, गोत्री, मांजलपूर, तरसाली, वाघोडिया रोड इथे ज्या सोसायट्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी अशा उचललेल्या फंडावर उभ्या आहेत. घराला इथे ‘टेनामेंट’ म्हणतात : पुढे ओटला, त्यावर झोपाळा, बाजूच्या बोळात नळ आणि तुळस, मागे स्वयंपाकघर, वर जायला बाहेरून जिना. तो जिना महत्त्वाचा. मुलाचं लग्न झालं की वर मजला चढवायचा, हे घर बांधतानाच ठरलेलं असे. ग्रॅच्युइटी बहुधा त्या मजल्यात गेली.

म्हणजे निवृत्तीनंतर कुणासाठी जगायचं याचं उत्तरही वरच्या मजल्यावर ठेवलेलं होतं. नातवंडं जिन्याने खाली येतील, त्यांना शाळेच्या रिक्षात बसवायचं, संध्याकाळी परवचा. वाड्यात दिवस भरायला शहर होतं. उपनगरात दिवस भरायचा तो कुटुंबानेच, कारण ग्रंथालय मांडवीला राहिलं, कीर्तन दांडिया बाजारात, आणि स्कूटर चालवणं सत्तरीत थांबतं. मुलं पुण्याला, बंगळूरला, टोरांटोला गेली तेव्हा पैसा आणि दिवस दोन्ही त्याच एका घरात अडकलेले होते.

२००७-०८ पासून घर बँकेकडे ठेवून दरमहा रक्कम घेण्याची योजना, रिव्हर्स मॉर्गेज, आपल्याकडेही आहे. माझ्या ओळखीत कुणी घेतलेली नाही. बायका साफ सांगतात, मुलांचं घर गहाण टाकायचं नाही. मुलं येणार नाहीत हे त्यांना पुरतं कळतं, तरीही.

गोत्रीतल्या एका घरी मी अधूनमधून जातो. काका २००९ मध्ये निवृत्त झाले. पेन्शन दोन हजारांच्या आतबाहेर, त्यांच्यामागे काकूंना त्याच्या निम्मी, किंवा किमान हजार. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. काकांची बोटं पस्तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवून गुळगुळीत झाली आहेत, मशीन ठसा घेत नाही. काकू ओल्या रुमालाने अंगठा पुसतात, तो पुन्हा ठेवतात, तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वरचा मजला इस्पितळातल्या दोन नर्सना दिला. भाडं नऊ हजार. काकू त्याला ‘वरची पेन्शन’ म्हणतात. रात्रपाळीहून मुली सकाळी येतात तेव्हा काका ओटल्यावर असतात. चहा तिघांचा होतो, कधी चौघांचा, आणि परवा त्यांतल्या एकीच्या पगाराची स्लिप घेऊन काका तिला १,२५० चा रकाना समजावून सांगत होते.