पदवी खान्देशातली, पण विद्यापीठ कोणते?

महाविद्यालयांच्या स्मरणिका, माजी विद्यार्थी मेळाव्यांचे फलक आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी घाईघाईने तयार केलेल्या याद्या यांत एक वाक्य हमखास सापडते: माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयाच्या त्या माजी विद्यार्थिनी आहेत, यात वाद नाही. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम.ए. त्यांनी तिथूनच केले. पण उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले १५ ऑगस्ट १९९० रोजी, आणि प्रतिभाताई जळगावातून विधानसभेवर निवडून गेल्या १९६२ साली. त्यांच्या एम.ए.च्या वेळी एम.जे. महाविद्यालय पुणे विद्यापीठाला संलग्न होते. पुढे कायद्याची पदवी त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून घेतली, म्हणजे तिथे मुंबई विद्यापीठ आले. एकाच व्यक्तीची दोन विद्यापीठे झाली, आणि जे तिसरे तिच्या नावापुढे लावले जाते त्यात ती कधी शिकलीच नाही.

ही चूक कुणी मुद्दाम करत नाही. खान्देशातल्या पदवीवरचा शिक्का इतक्या वेळा बदलला आहे की यादी करणाऱ्याची गफलत होते. तो शिक्का कसकसा बदलला हे कळले, की इथून निघालेली माणसे इतक्या वेगवेगळ्या वाटांना का लागली तेही बरेचसे उलगडते.

अगदी मागे जायचे तर चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखापासून सुरुवात करावी लागेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, अशी १२०७ सालची नोंद त्यात आहे. गणित-ज्योतिष शिकवण्यासाठी खान्देशात उभी राहिलेली ती संस्था. तिथले विद्यार्थी कोण होते, याची यादी अर्थातच नाही.

आधुनिक काळातली पहिली अडचण साधी होती: महाविद्यालयच नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पण विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापर्यंत खान्देशातल्या मुलाला मॅट्रिकनंतर गाडी पकडण्यावाचून इलाज नव्हता. फैजपुरात जन्मलेले बा. सी. मर्ढेकर पदवीधर झाले ते पुण्याच्या फर्ग्युसनमधून. खोली, खानावळ आणि फी यांचा मेळ बसेल त्याच घरातला मुलगा पदवीपर्यंत पोहोचायचा. त्यामुळे त्या पिढीतले खान्देशी पदवीधर थोडे, आणि जे झाले ते पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांच्या यादीत गेले.

या काळातली एक उलटी गंमत अमळनेरात घडली. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. गावात पदवीचे महाविद्यालय नाही, पण पदवीनंतरच्या अभ्यासाची सोय आहे, असा प्रकार. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. पदवी त्यांची पुण्याच्या महाविद्यालयातली. नंतर ते तिथल्याच हायस्कुलात शिक्षक झाले. अमळनेरच्या याद्यांत गुरुजींचे नाव कधी माजी शिक्षक, कधी माजी विद्यार्थी म्हणून येते. संस्था कोणती ते लिहिले तर दोन्ही बरोबर आहे. प्रताप महाविद्यालयाच्या यादीत मात्र ते नाव कुठल्याच नात्याने बसत नाही, कारण ते महाविद्यालय निघाले १९४५ मध्ये, गुरुजी गाव सोडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही दोन्ही महाविद्यालये त्याच सुमाराला उभी राहिली, आणि दोन्हींच्या नावांत कापडगिरणीचा पैसा दिसतो. जळगावची खान्देश मिल जेठांची, अमळनेरची प्रताप मिल शेठजींची. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापसाच्याच पैशातून महाविद्यालये निघाली हे खरे, पण त्याचा जास्त मोठा परिणाम घरांवर झाला. मुलगा, आणि हळूहळू मुलगीही, सकाळच्या पॅसेंजरने जाऊन संध्याकाळी घरी परतू लागली. सुरत-भुसावळ मार्गावरची गावे त्यामुळे पदवीच्या टप्प्यात आली. प्रतिभाताईंचे एम.ए. याच सोयीचे फळ. त्या टेबल टेनिस खेळायच्या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकायच्या, आणि हे सगळे जळगावात राहून. पुढे एदलाबाद मतदारसंघातून चार वेळा आमदार, राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल आणि २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रपती, हा क्रम बहुतेकांना पाठ आहे.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि पूर्व व पश्चिम खान्देश मुंबईकडून पुण्याकडे गेले. नावांचीही एक गुंतागुंत इथे लक्षात ठेवावी. खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले १९०६ मध्ये. पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जुन्या दाखल्यावर ‘पश्चिम खान्देश’ आणि नव्या कागदावर ‘नंदुरबार’ असे दिसले, तरी गाव एकच असू शकते.

पुण्याची ही चार दशके खान्देशच्या नामवंतांच्या यादीत सर्वांत भरघोस. अॅड. उज्ज्वल निकम हे त्यातले ठळक उदाहरण. बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी कायद्याची पदवी घेतली ती जळगावच्या मणियार विधी महाविद्यालयातून. जिल्ह्याच्या गावी विधी महाविद्यालय असण्याचा अर्थ असा, की पोरगा सकाळी वर्ग करतो, दुपारी जिल्हा न्यायालयात वरिष्ठांच्या मागे फाइल घेऊन उभा राहतो, आणि सनद मिळेपर्यंत साक्षीपुरावा कसा चालतो ते त्याला कळलेले असते. मुंबईच्या उच्च न्यायालयात शिरकाव मिळायला लागणारी वर्षे इथे उभ्या-आडव्या उलटतपासणीत जातात. जळगावच्या न्यायालयात फौजदारी कामात घडलेले निकम १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील झाले, पुढे २६/११ चा खटला त्यांनी चालवला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. त्यांच्याही पदवीवरचा शिक्का पुण्याचाच असणार.

दुसरे टोक ना. धों. महानोरांचे. पळसखेड्याचे महानोर शेंदुर्णीत शाळा करून जळगावच्या महाविद्यालयात आले आणि पहिल्या वर्षानंतर शेतीकडे परतले. पुढे कवी, विधान परिषदेचे सदस्य, १९९१ चे पद्मश्री. पदवी न घेतलेला माणूस माजी विद्यार्थी ठरतो का? महाविद्यालयाच्या बाबतीत ठरतो, कारण त्याच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची ओळ असते. विद्यापीठाच्या पदवीधरांत मात्र तो येत नाही. आमच्या मते अशी नावे यादीत जरूर घ्यावीत, फक्त समोर ‘प्रथम वर्षापर्यंत’ असे प्रामाणिकपणे लिहावे. महानोरांचे मोठेपण त्याने रतीभरही कमी होत नाही.

याउलट भालचंद्र नेमाडे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे, पण पदवीला फर्ग्युसनमध्ये. त्यांच्या काळी जळगाव-अमळनेरला महाविद्यालये होती, तरी ते पुण्याला गेले. धुळ्यात त्यांनी अध्यापन केले, म्हणून त्यांना माजी प्राध्यापकांत धरता येईल. तसेच साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड. ते वैद्यकीय पदवीला मुंबईच्या सेठ जी.एस. महाविद्यालयात गेले, तिथून भारतीय प्रशासकीय सेवेत, आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून परत खान्देशात आले. ‘खान्देशचे सुपुत्र’ आणि ‘खान्देशातल्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी’ या दोन याद्या वेगळ्या ठेवल्या तर निम्मा घोळ तिथेच मिटतो.

१९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे उमवि, आले. गिरणेकाठी, बांभोरीजवळच्या उजाड टेकाडांवर ते वसले. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे गणिताचे. आल्या आल्या मूलभूत विज्ञानांच्या प्रशाळा आणि रसायन तंत्रज्ञानाचा विभाग यांवर भर पडला, आणि माजी विद्यार्थ्यांचा तोंडवळाच बदलला. पुण्याच्या काळातली ठळक नावे राजकारण, वकिली आणि साहित्यातली. उमविचे विज्ञान-तंत्रज्ञानाचे पदवीधर औषध कंपन्या, प्रयोगशाळा, रंग-तेल-प्लॅस्टिकचे कारखाने, बँका आणि स्पर्धा परीक्षांतून मिळणाऱ्या नोकऱ्या यांत विखुरले. कारखान्याच्या गुणवत्ता विभागात वीस वर्षे काढलेल्या माणसाचा मेळाव्यात सत्कार होत नाही, म्हणून याद्या वाचून उलटा समज होतो की जुनी पिढीच कर्तबगार होती.

विद्यापीठ आले तरी सगळे विद्यार्थी त्याचे झाले नाहीत, आणि इथेच यादी करणारे सर्वांत जास्त घसरतात. धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली, आणि ते विद्यापीठ १९६८ पासूनचे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि होमिओपॅथी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. औषधनिर्माणशास्त्र मात्र त्यात गेले नाही. डॉक्टर आणि फार्मासिस्ट एकाच दुकानात बसले तरी त्यांची विद्यापीठे वेगळी. अलीकडे अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतली. म्हणजे जळगावच्या एकाच अभियांत्रिकी महाविद्यालयाची दोन तुकड्यांची मुले, आधीची उमविची, नंतरची लोणेऱ्याची, असे घडते.

मग नाव पडताळायचे कसे? बातमीचे कात्रण किंवा सत्काराचे मानपत्र पुरत नाही. शेवटच्या वर्षाचे गुणपत्रक काढायला सांगावे आणि वरच्या ओळीत छापलेले विद्यापीठाचे नाव, परीक्षेचा महिना-वर्ष आणि बैठक क्रमांक उतरवून घ्यावा. अलीकडच्या तुकड्यांना कायम नोंदणी क्रमांक असतो, तो असेल तर तोच घ्यावा. निव्वळ नावावर विसंबू नये. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन आणि कोळी इतके, की एकाच तुकडीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही जुळणारे दोघे निघू शकतात. आईचे नाव पाहिल्याशिवाय कोण कोणता ते कळत नाही. मुलींच्या बाबतीत माहेरचे नाव विचारलेच पाहिजे. पदवी माहेरच्या नावाची, ओळख सासरच्या नावाची, आणि रजिस्टरात शोधणारा भलतेच नाव शोधत बसतो. कर्तबगार स्त्रिया याद्यांतून गळतात त्याचे हे एक अगदी कारकुनी कारण आहे. एकूणच नावे गळण्याचे दुसरे कारण असे, की गुणपत्रक घेऊन नोकरीला लागलेले कित्येक जण पदवीदानाचा अर्ज भरतच नाहीत. पास झालेले असतात, पण पदवी प्रमाणपत्र कधी उचललेलेच नसते.

कनिष्ठ महाविद्यालयाचा फरक तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. १९७५ नंतर दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला. त्याआधी अकरावीला एस.एस.सी. व्हायची आणि पुढचे प्री-डिग्रीचे वर्ष विद्यापीठाच्या कक्षेत असायचे. म्हणून १९६८ साली एम.जे.त प्री-डिग्री केलेला माणूस पुणे विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि १९८५ साली त्याच इमारतीत बारावी केलेला शिक्षण मंडळाचा. त्याने पुढची पदवी दुसरीकडे घेतली असेल, तर महाविद्यालयाने त्याला मिरवावे, विद्यापीठाने नाही. मानद डी.लिट.चेही तसेच. ती सन्मानाची पदवी आहे, तिने कुणी माजी विद्यार्थी होत नाही.

हा काटेकोरपणा हवा कशाला, असे कुणी म्हणेल. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग तपासला जातो, त्यात संघटना नोंदणीकृत आहे का आणि तिने किती हातभार लावला हे विचारतात. तिथे फुगवलेली यादी उपयोगाची नसते. विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत तर थेट परिणाम होतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात, त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा. पदवी असली की मत असते, असा समज आहे. तसे नाही. अर्ज भरून पदवीधरांच्या नोंदवहीत नाव चढवावे लागते, आणि अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक नावातल्या फरकामुळे.

दुबार गुणपत्रकासाठी होणारी पायपीट हाही याच इतिहासाचा परिणाम. १९८५ साली धुळ्यात किंवा भुसावळात बी.कॉम. झालेल्याचे रेकॉर्ड पुण्याला. बांभोरीला चक्कर मारून उपयोग नाही. त्यात पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले आणि उमविला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. परदेशी मूल्यमापन संस्थेला जुने गुणपत्रक आणि नवे पडताळणीपत्र यांवर दोन वेगळी नावे दिसली की कागद परत येतात. अशा वेळी नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत आधीच सोबत जोडावी.

आता आणखी एक थर चढला आहे. एम.जे. आणि प्रताप ही महाविद्यालये स्वायत्त झाली. अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणपत्रक महाविद्यालयाचे, पदवी विद्यापीठाची. यापुढच्या तुकड्यांकडून गुणपत्रक आणि पदवी प्रमाणपत्र असे दोन्ही कागद मागावे लागतील.