एएनसी आणि ईएनसी: शांतता नेमकी कुणाच्या कानाला?

स्वस्तातल्या इअरबडच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ईएनसी’ छापलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, सुटलो, आता लोकलचा खडखडाट बंद. तसं होत नाही. ईएनसी (एन्व्हायर्न्मेंटल नॉइज कॅन्सलेशन) ही फोनवर पलीकडे असलेल्या माणसाची सोय आहे. बडमधले माइक तोंडाच्या दिशेने येणारा आवाज वेगळा काढतात, उरलेला गोंगाट सॉफ्टवेअर दाबतं. गाणी ऐकताना त्याचा काडीचाही उपयोग नाही. ‘क्वाड माइक’ म्हणजे बहुधा एका बडमध्ये दोन माइक, एवढंच.

तुमच्या कानाला शांतता देतं ते एएनसी (अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन). माइक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि कानाशी दोन्ही एकमेकींना खोडतात. हे साधतं ते एकसुरी, खर्जातल्या आवाजांच्या बाबतीत: पंखा, एसी, बसचं इंजिन, विमान. साधारण 1000 हर्ट्झच्या वर जोर ओसरतो, म्हणून हॉर्न आणि शेजारच्यांच्या गप्पा ऐकू येतातच. त्यांना अडवायचं काम कानात घट्ट बसलेल्या सिलिकॉनच्या टिपचं. टिप सैल असेल तर फटीतून खर्जच आत शिरतो आणि महागडं एएनसीही वाया जातं. खोक्यातली वेगवेगळी मापं लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही.

दुकानातच पारख करायची तर गाणं न लावता चालत्या पंख्याखाली उभे राहा आणि एएनसी चालू-बंद करा. घरघर कमी-जास्त झाली पाहिजे. ईएनसीसाठी मात्र खरा कॉलच लावा. फोनच्या रेकॉर्डरवर विसंबू नका. तो बऱ्याचदा फोनचाच माइक वापरतो.

आता रीतभात. कान बंद असले की स्वतःचा आवाज दबका वाटतो आणि माणूस नकळत ओरडायला लागतो. पलीकडच्याला ईएनसीमुळे नीट ऐकू जात असतं. त्रास होतो तो अख्ख्या डब्याला. कॉल घेताना ट्रान्सपरन्सी मोड (माइकने टिपलेला बाहेरचा आवाज कानात सोडणारी सोय) लावा किंवा एक बड काढा, नेहमीच्या आवाजात बोला. फार पुटपुटलात तर ईएनसी शब्दांची टोकं गोंगाट समजून कापतं. गळ्याभोवतीचा स्कार्फ माइकवर घासला तरी तेच.

ट्रान्सपरन्सी मोडमध्ये तुम्हाला सगळं ऐकू येतं, पण समोरच्याला ते कसं कळणार? बँकेच्या खिडकीशी, औषधाच्या दुकानात किंवा घरी आलेल्या पाहुण्यांसमोर निदान एक बड काढावाच. 2023 मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो इअरबडच्या दुसऱ्या पिढीला, तुम्ही बोलायला लागताच गाण्याचा आवाज आपोआप कमी करणारी सोय मिळाली. मात्र ती जागी होते तुम्ही बोलल्यावर. समोरच्याने आधी तोंड उघडलं तर त्याचे पहिले शब्द हुकतात.

रूळ ओलांडताना मात्र दोन्ही बड खिशात ठेवा. गाडीची दुरून येणारी घरघर खर्जातली असते, आणि एएनसी आधी तिलाच पुसून टाकतं.